किशनरावचा कान आणि शिवगंगेचं मीटर

पंचफुलाबाई डोक्यावर बॅटरी घेऊन आली. खाली चुंबळ, वर बॅटरी आणि मान अशी ताठ, जणू भरली घागर आहे आणि थेंब सांडायचा नाही. उदगीरच्या देगलूर रोडवर दुपारची वाहनांची रीघ होती. कुणी हॉर्न वाजवला, कुणी वळून बघितलं. तिनं कुणाकडं बघितलं नाही. शिवगंगेच्या दुकानाच्या पायरीशी थांबली आणि म्हणाली, "हात लाव. उतरवायची हाय."

शिवगंगेनं हात लावला. बॅटरी ओळखीची होती, शाळेच्या गाडीची. बाईही ओळखीची निघाली. त्या गाडीचा ड्रायव्हर किशनराव, त्याची बायको.

"मावशी, एवढं वजन तुम्ही कामून उचललं? काकांना पाठवायचं."

"ते कुठल्या तोंडानं येतील? तोंड दाखवायला तू जागा ठिवलीस का त्यांना?"

शिवगंगेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गावात गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारी ती एकटीच बाई. लातूरच्या आयटीआयमधून शिकून आली तेव्हा लोक गाडी तिच्या हाती द्यायचे नाहीत, नुसते बघायला थांबायचे. बारा वर्षांत एक खोटा शब्द तिनं कुणाला दिला नव्हता. आणि ही बाई तिच्याच पायरीवर उभी राहून तिला बोलत होती.

झालं होतं ते असं. आठवडाभर किशनराव शाळेच्या सचिवांना सांगत होता, बॅटरी थकलीय, बदला. सचिव बसवराज म्हणाले, आधी दाखवून आण. शनिवारी संध्याकाळी त्यानं गाडी आणली. शिवगंगेनं मीटर लावलं. बारा पॉइंट सहा. भरलेली बॅटरी.

"पण अक्का, सकाळी चावी फिरवली की कण्हतीय ती," किशनराव म्हणाला होता. "रात्रभर जागलेल्या म्हातारीवानी."

"काका, व्होल्ट कानानं मोजता का?" शिवगंगा हसली होती. तोही बिचारा हसला होता.

रविवारी पहाटे गाडी कण्हलीसुद्धा नाही. नुसती टक करून गप्प झाली. अठरा पोरी निवासी शाळेच्या प्रवेशाची परीक्षा द्यायला निघालेल्या, वेण्या घट्ट, खिशात दोन दोन पेनं. दुसरं वाहन मिळून केंद्रावर पोचेपर्यंत फाटक बंद झालं होतं. सचिवांनी शिवगंगेला फोन लावला आणि ती ठामपणे बोलली, "काल माझ्या हातानं मोजली, भरलेली होती. रात्रीतून उतरली म्हणजे आतला दिवा चालू राहिला असणार." तेवढ्या एका वाक्यावर दुपारच्या आत किशनरावच्या हातातली चावी काढून घेतली. सतरा वर्षांची चावी.

"दिवा चालू राहिला म्हणलीस," पंचफुलाबाई म्हणाली. "तू बघायला आलतीस?"

"मी मीटरनं मोजलं मावशी. मीटर कुणाच्या बाजूचं नसतं."

"मग मोज. माझ्या म्होरं मोज. शाळेच्या शेडात टाकून दिलेली, वॉचमनच्या पाया पडून आणलीय."

शिवगंगेनं खण उघडला. मीटर पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. ते ती लेकरासारखं सांभाळायची. वायरी कधी आवळून गुंडाळायची नाही, आत तुटतात म्हणून. टोकं बारीक पॉलिश पेपरनं घासायची. काम झालं की चक्री बंदवर. आतला चौकोनी सेल बदलला की त्यावर पेनानं तारीख घालायची. आणि दर सोमवारी दुकान उघडलं की पान्याला, कटरला आणि मीटरला विभूतीची तीन बोटं ओढायची. आकडे झाकू नयेत म्हणून काचेच्या वरच्या कोपऱ्यात.

लाल टोक लालला, काळं काळ्याला. आकडा थरथरला आणि थांबला. बारा पॉइंट चार.

"बघा. आजही..."

"काय बघू?" पंचफुलाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दिव्यानं उतरली म्हणतीस तर ती रिकामी दिसाया पायजे. भरलेली हाय म्हणतीस तर गाडी चालाया पायजे. दोन्ही कसं खरं गं? एका तोंडानं एक तर जेवले म्हण, न्हाईतर उपाशी हाय म्हण."

शाळा न शिकलेल्या बाईनं दोन वाक्यांत शिवगंगेला पकडलं होतं. तिनं रागारागानं हेडलाइटचा एक बल्ब उचलला आणि बॅटरीला जोडला. बल्ब पेटला नाही, चुलीतल्या विझत्या निखाऱ्यासारखा लाल झाला. हे बारा पॉइंट चारचं तेज नव्हतं.

शेजारी माणिकप्पांचं बॅटऱ्यांचं दुकान. ते जेवायला गेले होते, शटर अर्धं. शिवगंगा वाकून आत शिरली आणि फळीवरच्या कोऱ्या बॅटरीला टोकं लावली. पंधरा दिवस नुसती पडून असलेली बॅटरी.

तेरा पॉइंट सहा.

तेरा सहा हा आकडा गाडी चालू असताना दिसतो, बॅटरी भरत असताना. फळीवर झोपलेल्या बॅटरीला असा आकडा येत नाही. मीटर सगळ्यांनाच चढवून सांगत होतं. आणि मीटर असं कधी करतं, हे तिला पहिल्या वर्षीच शिकवलेलं होतं. त्याच्या स्वतःच्या पोटातला सेल संपत आला, की.

पण मग काचेवर सेलची खूण यायला हवी होती.

अंगठा पुढं झाला आणि अडला. विभूती पुसायची नसते. मग तिनं पुसली. राखेच्या तीन रेघांखाली, कोपऱ्यात, बारकी खूण लागलेली होती. किती दिवसांची, देव जाणे.

दोन स्क्रू काढले. आत तिचा सेल नव्हताच. तिच्या अक्षरातली तारीख नव्हती. दुसऱ्याच रंगाचा सेल होता आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, मठ.

माणिकप्पा हात पुसत आले. कपाळावर विभूती, खांद्यावर पंचा. मठातल्या सोमवारच्या शिवभजनात माईक त्यांच्या हाती असायचा.

"अप्पा, हा सेल कुणाचा?"

त्यांनी लांब धरून बघितला. "मठाचा. लिहिलंय की."

"माझ्या मीटरात काय करून राहिलाय?"

"हां, तो व्हय," माणिकप्पा मोकळेपणानं म्हणाले. "अगं यव्वा, मागल्या सोमवारी भजन रंगात आलं अन् बिनवायरचा माईक मुका झाला. तू घरी गेलतीस. खणाची किल्ली माझ्यापाशी असतीच. तसला चौकोनी सेल तुझ्या मीटरातच. देवाच्या कामाला घेतला. नवा आणून देणार होतो, राहून गेलं."

"आणि हा रिकामा आत कामून बसवला? जागा मोकळी ठिवली असती तर मीटर लागलंच नसतं. मला कळलं असतं."

"मोकळी?" म्हाताऱ्याला खरंच नवल वाटलं. "शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये, येवढं बी ठाऊक न्हाई का तुला?"

"भांड्यात साखर घालून देतात अप्पा, राख न्हाई." शिवगंगेनं सेल त्यांच्यापुढं धरला. "अठरा पोरी फाटकाबाहेर रडल्या. एका माणसाची चावी गेली. अन् तुम्ही मला रीत सांगून राहिलात."

माणिकप्पांनी वळून बघितलं. त्यांना आत्ता कळलं, पायरीवर बसलेली बाई कोण आहे.

ती बाई मात्र कुणाकडं बघत नव्हती. बॅटरीवर तळवा ठेवून, दळताना म्हणावं तसं, आपल्याशीच म्हणाली,

"खोट्या गं बोलाला, साक्ष दिली काचेनं
माझा कुकवाचा धनी, घरी बसला लाजेनं."

माणिकप्पांवर चिडणं सोपं होतं. शिवगंगा चिडलीही, पुढं वर्षभर चिडायला पुरेल एवढी. पण दिव्याचं वाक्य अप्पांनी म्हटलं नव्हतं. विभूतीची बोटं अप्पांनी ओढली नव्हती. कण्हणं ऐकू येणाऱ्या माणसाला हसलं होतं कोण? तिनं नवा सेल आणला, तारीख घातली, झाकण लावलं. जुनी बॅटरी पुन्हा मोजली. अकरा पॉइंट सहा. म्हणजे शनिवारीसुद्धा ती थकलेलीच होती. आकडा पंचफुलाबाईला दाखवला.

"मला काय दावतीस? मला आधीपास्नं ठाऊक हाय. ज्याला दावायचं त्याला दाव."

रिक्षात तिघं बसली. माणिकप्पांनी दुकान बंद करून फळीवरची कोरी बॅटरी मांडीवर घेतली होती. कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही सांगितलं नाही.

शाळेच्या ऑफिसात सचिव बसवराजांनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावर मीटर, जुना सेल, नवा सेल. शिवगंगेनं दोन्ही सेल बसवून एकच बॅटरी दोनदा मोजून दाखवली. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "किशनकाका खरं सांगत होते. मी लिहून देते."

"चूक माझी बी," माणिकप्पा खाली बघत म्हणाले.

सचिवांनी खुर्ची मागं सरकवली. "बरं झालं, उलगडा झाला. तसं आम्ही काही त्यांना चोर म्हटलं नव्हतं. सांगा त्यांना, उद्यापासून येऊ द्या म्हणावं."

"कुणी सांगायचं?" पंचफुलाबाई म्हणाली.

"तुम्हीच. घरीच जाताय ना?"

"जा म्हणताना मला इचारलं नव्हतं. ज्यानं जा म्हणलं, त्यानंच ये म्हणावं."

सचिव हसायला गेले. शिवगंगेकडं बघितलं, ती हसत नव्हती. "सर, उद्यापासून या शाळेच्या गाडीला मी हात लावीन," ती म्हणाली, "पण चावी किशनकाकांच्या हातात असंल तेव्हाच. त्यांच्या कानाला विचारून."

"बाई, केवढ्याचं केवढं करताय. करतो फोन." त्यांनी यादीत नंबर शोधला आणि लावला.

पंचफुलाबाईच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजायला लागला. तिनं तो काढला, बघितला, टेबलावर ठेवला. फोन वाजत राहिला.

"घरात एकच फोन हाय," ती म्हणाली. "तो मी घेऊन आले. ते घरी हायत, शेळीपाशी बसून. पाच किलोमीटर हाय वस्ती."

बसवराजांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग फोन बंद करून उठले.

माणिकप्पांनी आणलेली बॅटरी शेडात उभ्या गाडीला शिवगंगेनं बसवली. बारा पॉइंट सात. तिनं चावी फिरवण्याआधी बॉनेटजवळ कान नेला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मग किशनरावच्या जागी ठेवलेल्या नव्या पोराला फिरव म्हणून सांगितलं. गाडी एका दमात उठली.

पंचफुलाबाई पुढच्या सीटवर चढून बसली. चुंबळ सोडून पदर सारखा केला. सचिवांना मागं जाऊन पोरींच्या सीटवर बसावं लागलं, गुडघे छातीशी घेऊन.

"आता डावीकडं घे," तिनं पोराला सांगितलं.