धोब्याच्या पायातली कडी

उदगीरच्या पक्षिमित्र मंडळात पक्ष्यांचा मित्र एकही नाही, असं लिंबाजी मास्तरांचं ठाम मत होतं. अर्थात स्वतःला वगळून. लातूर जिल्हा वेगळा झाला तशी ज्याला त्याला कशाचं ना कशाचं अध्यक्ष व्हायची घाई सुटली होती. कुस्तीचं, नाटकाचं, साहित्याचं अध्यक्षपद आधीच गेलेलं, म्हणून शेषेराव वकिलांनी पाखरं धरली. मन्मथशेठ कापडवाले खजिनदार झाले, कारण जीप त्यांची होती. आणि शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या लिंबाजी मास्तरांना चिटणीस केलं, कारण अख्ख्या तालुक्यात असं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. एवढं मात्र त्या दोघांना बरोबर कळलं, असं मास्तर म्हणत.

काम तसं सोपं. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खोदलेल्या तलावाकाठी दर रविवारी सकाळी बारीक जाळं लावायचं, अडकलेलं पाखरू अलगद सोडवायचं, त्याच्या पायात अल्युमिनियमची कडी घालायची, कडीवरचा आकडा वहीत उतरवायचा आणि पाखरू सोडून द्यायचं. थंडीत धोबी, उन्हाळ्यात चंडोल, पावसाळ्यात सुगरणी. कड्या मुंबईच्या एका संस्थेकडून येत. त्याच आकड्याचं पाखरू पुन्हा कुठं सापडलं, तर त्याचं जाणं-येणं कळतं. सगळा खटाटोप एवढ्यासाठी.

कडी घालायचा मान वकिलांचा. ते कोट घालून यायचे आणि पाखरू असं धरायचे, जणू विरुद्ध बाजूचा साक्षीदारच हाती लागलाय. मन्मथशेठ चुरमुऱ्यांच्या सुशील्याचा डबा उघडून बसायचे आणि बगळ्याला बदक म्हणायचे. मास्तर सतरंजीच्या कडेला बसून मोत्यासारखं लिहायचे आणि मनातल्या मनात दोघांची लायकी काढायचे. एक आस मात्र त्यांना खरीखुरी होती. यातलं एखादं पाखरू परत येईल, आणि आपली वही त्याला ओळखेल.

तीन वर्षांत एकही आलं नाही. त्यात सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला आणि तलावाचं डबकं झालं. संस्थेनं कळवलं, आमचा माणूस येऊन वही बघेल आणि कड्या पुढं द्यायच्या की नाही ते ठरवेल. मास्तरांची झोप उडाली. कड्या बंद झाल्या तर वकील उद्या भजनी मंडळाचे अध्यक्ष होतील. आपण कुठं जायचं?

डिसेंबरातल्या एका रविवारी मुंबईचे पाहुणे आले. शांत माणूस. सुशीला नको म्हणाले, तिथंच मन्मथशेठनी त्यांना नापास केलं. आठाच्या सुमाराला जाळ्यात एक पिवळा धोबी अडकला. मास्तरांनी तो सोडवला. पायात कडी होती. एवढीशी चिमूटभर पाखराची जात, कुठल्या कुठं जाऊन ह्याच डबक्यावर परत आली होती. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

त्यांनी आकडा वाचला. पाहुण्यांनी वहीवरून बोट फिरवत आणलं आणि थांबवलं. त्या आकड्यापुढं लिहिलं होतं : सुगरण, नर, जुलै.

पाहुण्यांनी भिंग लावून कडी स्वतः वाचली. आकडा तोच. सुगरण आणि धोबी यांत शेंबडं पोरही गफलत करणार नाही. कडी पडली तर काय करता, असं त्यांनी विचारलं. आमची कडी पडतच नाही, असं सांगून वकील खाकरले.

"आनि वही म्हनाल साहेब, तर ती मास्तरांच्या हातची हाय."

वहीबद्दल वकील खरं बोलले होते, पण अर्धं. चारचौघांत चष्मा लावायची त्यांना लाज, म्हणून ते कडीवरचा आकडा वाचतच नसत. कड्या ओळीनं ओवलेल्या येत. ते मागच्या आकड्यात एक मिळवून दडपून सांगत. एखादी कडी हातातून निसटली की पायात एक आकडा आणि वहीत दुसरा, असे पुढचे सगळे आकडे चुकत. जाळं गुंडाळताना चिखलात चमकणारी कडी मास्तरांना दिसायची, पण तोवर पान भरलेलं असायचं. ह्या दोन मूर्खांपायी आपलं पान कशाला नासवायचं, म्हणून ते कडी पायानं चिखलात दाबायचे आणि पुढच्या रविवारी पुढं लिहायचे.

पाहुणे आता थेट मास्तरांकडं बघत होते. किती कड्या पडल्या ते कळलं तर वही अजून दुरुस्त करता येईल, असं ते म्हणाले. मास्तरांनी वकिलांकडं पाहिलं. सगळं त्यांच्यावर ढकलता आलं असतं, आणि त्यासाठी त्यांच्याएवढा लायक माणूस नव्या जिल्ह्यात दुसरा नव्हता.

"किती पडल्या त्ये म्या मोजलं न्हाई," मास्तर म्हणाले. "पडलेल्या दिसायच्या मला. वही खराब व्हईल म्हून गप ऱ्हायलो."

पाहुण्यांनी धोबी सोडून दिला. उरलेल्या कड्या मोजून आपल्या पिशवीत घातल्या आणि वही मास्तरांच्या हातात परत दिली.

"उघडल्याबरोबरच मला वाटलं होतं," ते म्हणाले. "तीन वर्षं चिखलात बसून लिहिलेली वही, आणि एक खाडाखोड नाही."

वकिलांना ती स्तुती वाटली. त्यांनी कौतुकानं मास्तरांच्या पाठीवर थाप मारली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच मास्तरांना वाटलं, हा हात आपल्या पाठीवर शोभतो.