एक्पेतिमोचा तह

नायजर नदी समुद्राला मिळते तिथे तिची शेकडो तोंडं होतात. त्यातल्या निम्म्याअधिक खाड्या अग्बेदीच्या पायाखालच्या होत्या. कुठल्या वळणावर ओहोटीला गाळ वर येतो, कुठे तिवरांची मुळं पाण्याखाली दबा धरून बसलेली असतात, हे तो बांबू न टेकवता सांगायचा. म्हणून राणी सरकारच्या आगबोटीवर त्याला वाटाड्या म्हणून ठेवून घेतलं होतं, आणि तरुणपणी पामतेलाच्या जहाजांवर राहून गोऱ्यांची भाषा शिकला होता म्हणून दुभाष्याही तोच झाला.

"मला गावं जाळायची नाहीत," राणी सरकारचा नवा प्रतिनिधी, कौन्सल साहेब, आला त्याच आठवड्यात त्याला म्हणाला. "माझ्याआधीच्यानं दोन जाळली. तेलाच्या होड्यांची लूट थांबली का?"

"नाही साहेब. जळलेल्या गावांतली माणसं एक्पेतिमो गावाला जाऊन मिळाली."

"मग बोलून बघू. तिथला तो म्होरक्या झुओकुमो, तो तुझा कोण लागतो म्हणे?"

"भाचा. सख्ख्या बहिणीचा मुलगा."

"उत्तम," साहेब म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अग्बेदी एकटाच छोटं होडकं वल्हवत एक्पेतिमोच्या खाडीत शिरला. ना बंदूक, ना सोबत. घाटावर त्याची थोरली बहीण अलाएरे मासळीला धुरी देत बसली होती. तिनं मान वर करून आधी त्याच्या मागचं पाणी पाहिलं.

"एकटाच आलास, की बोट वळणावर उभी आहे?"

"एकटाच आहे, अक्का."

"वाळलास. गोरे खायला घालत नाहीत वाटतं."

"घालतात. चव नसते कशाला."

ती हसली नाही, पण भाजलेलं केळं आणि मासा त्याच्यापुढे ठेवला. तेवढ्यात झुओकुमो आला. तिशीचा, उंच, अंगात बटणं तुटलेलं गोऱ्याचं जाकीट, आणि बोलायच्या आधीच हसणारं तोंड.

"काय मामा, साहेबाची पिंपं परत न्यायला आलास? तेल कधीच संपलं. आई त्यांत पाणी भरते."

"पिंपांसाठी नाही आलो. किती दिवस चालायचं हे, ते विचारायला आलोय."

झुओकुमो त्याच्यासमोर उकिडवा बसला. "आजोबांच्या वेळी वर जाणारी प्रत्येक होडी इथे थांबायची, खरं ना? मीठ द्यायची, कापड द्यायची, आपल्याकडे जेवायची आणि पुढे जायची. आता आगबोटी जातात. थांबणं दूरच, त्यांच्या लाटेनं आमची होडकी उलटतात. मागच्या पावसात ओबिएनेची बायको तशीच बुडाली, पोटुशी होती. आम्ही पिंपं घेतली तर चाचे. मग त्याला तुझा साहेब काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही. त्याला ठाऊकच नाही."

"मग सांग की त्याला! दोन भाषा येतात ना तुला? आमच्यासाठी एक तरी वापर त्याच्यापुढे."

अग्बेदीनं सांगितलं. दोन महिने तो बोट आणि गाव यांच्यात होडकं वल्हवत राहिला. साहेब चिडायचा, मग ऐकायचा. गावातले म्हातारे ऐकायचे, मग चिडायचे. एकदा एका म्हाताऱ्यानं त्याच्या अंगावर वल्हं उगारलं आणि लगेच ताडीही पाजली. शेवटी जमलं. आगबोटी गावापुढून सावकाश जातील. व्यापारी कोठी दर वर्षी गावाला मीठ आणि कापड देईल. एक्पेतिमोनं बंदुका जमा करायच्या आणि तेलाच्या होड्यांना हात लावायचा नाही. एकही घर न जळता हे घडत होतं, आणि ते आपल्या जिभेमुळे घडतंय या विचारानं अग्बेदी त्या दिवसांत वल्हवताना स्वतःशीच गुणगुणायचा.

एकच गोष्ट आत टोचत होती. उन्हाळ्यातल्या एका लुटीत कोठीचा एक कारकून मेला होता. झुओकुमोनं ते लपवलं नव्हतं. "आधी त्यानं झाडली. आमच्या माणसाचा खांदा गेला. मग मी झाडली," एवढंच तो म्हणाला. अग्बेदीनं ते जसंच्या तसं साहेबाच्या कानावर घातलं. साहेब म्हणाला, "तह झाला की जुनं सगळं मिटतं."

ते वाक्य घेऊन अग्बेदी बहिणीकडे आला.

"लिहून दिलंय?" अलाएरेनं विचारलं.

"शब्द दिलाय."

"कुणी? त्यानं की तू?"

"दोघांनी, अक्का."

तहाच्या सकाळी झुओकुमो तीन म्हाताऱ्यांना आणि आठ वल्हेकऱ्यांना घेऊन लांब होडीतून बोटीपाशी आला. बंदुका आदल्याच दिवशी जमा झाल्या होत्या. डेकवर मेज मांडलं होतं. अग्बेदीनं कलमं एकेक करून वाचली, म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, झुओकुमोनं कागदावर फुली मारली. साहेबानं त्याच्या डोक्यावर सोनेरी काठाची टोपी ठेवली आणि हसून त्याचा हात हातात घेतला. ते हसणं खरं होतं, हे अग्बेदी पुढेही सांगत राहिला. त्या क्षणी साहेबाच्या मनात काळंबेरं नव्हतं.

मग खालच्या खोलीतून व्यापारी कोठीचा मुख्य माणूस वर आला. त्याच्यासोबत त्या लुटीतून वाचलेला एक नावाडी होता. नावाड्यानं झुओकुमोकडे बोट दाखवलं. कोठीचा माणूस आणि साहेब खोलीत गेले, दार लागलं. बाहेर चढलेले आवाज ऐकू येत होते, पण शब्द कळत नव्हते. डेकवर झुओकुमो नवी टोपी काढून म्हाताऱ्यांना तिचा काठ दाखवत होता.

साहेब बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याच्यामागून चार शिपाई आले आणि झुओकुमोच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. बोटीच्या तोफेवरचं कापड कुणीतरी काढलं. तोफेचं तोंड गावाकडे होतं.

"त्याला सांग, तह कायम आहे. गावाला धक्का लागणार नाही," साहेब म्हणाला. "पण कारकुनाच्या मरणाची चौकशी व्हायला हवी. त्याला आमच्यासोबत समुद्रकाठच्या ठाण्यावर यावं लागेल."

"साहेब, जुनं सगळं मिटतं म्हणाला होतात."

"लुटीबद्दल म्हणालो होतो." साहेब पाण्याकडे बघत होता. "सांग त्याला, अग्बेदी."

अग्बेदीनं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही, एकही घातला नाही. झुओकुमोनं टोपी मेजावर ठेवली. तो कठड्याला टेकून उभा होता. पलीकडे भरतीचं पाणी, आणि पाण्यापलीकडे तिवरांची दाट रांग. लहानपणापासून तो एका दमात खाडीची रुंदी पोहायचा.

"मामा," तो हलक्या आवाजात, त्यांच्या भाषेत म्हणाला, "पाणी तुला कळतं. मार म्हणालास तर उडी मारतो. नको म्हणालास तर नाही मारत. बोल."

"काय म्हणतोय तो?" साहेबानं विचारलं.

"परत कधी येणार, असं विचारतोय," अग्बेदी म्हणाला.

"तीन महिने. फार तर चार."

अग्बेदीनं पाणी पाहिलं. पाणी खोल होतं, मुळांपर्यंत पोचता आलं असतं. मग त्यानं शिपायांच्या बंदुका पाहिल्या, खाली होडीत बसलेली माणसं पाहिली, तोफेच्या तोंडापुढची छपरं पाहिली. त्यातलं एक अक्काचं होतं.

"नको मारूस," तो म्हणाला. "तीन महिन्यांची गोष्ट आहे. मी स्वतः आणून सोडतो तुला."

"बरं," झुओकुमो म्हणाला. कुणी बाजारातून काही आणायला सांगावं आणि आपण हो म्हणावं, तसा.

अलाएरे घाटावर उभी होती. परतणाऱ्या होडीत मुलगा नाही हे तिला लांबूनच दिसलं. अग्बेदीनं तिला सगळं सांगितलं, उडीचंही.

"तू काय म्हणालास?"

"नको म्हणालो."

ती वळली आणि धुरीवरचे मासे एकेक करून उलटू लागली. "जा तू आता," ती पाठमोरीच म्हणाली. "तीन महिन्यांनी ये."

अग्बेदीनं बोट सोडली नाही. भाच्याची खबर कळली तर इथेच कळेल म्हणून तो राहिला. दर आठवड्याला तो साहेबाच्या दारात जायचा. पहिल्या महिन्यात साहेब त्याला आत बोलवायचा, दुसऱ्यात दारातूनच उत्तर द्यायचा. चौथ्या महिन्यात साहेबाचीच बदली झाली. जाताना त्यानं अग्बेदीचा हात धरला आणि सोडला. त्याच्या जागी आलेल्या माणसानं कागद चाळून सांगितलं, की नदीच्या शांततेसाठी झुओकुमो नावाच्या इसमाला पश्चिमेकडच्या एका बेटावर ठेवलेलं आहे. खटला चाललाच नव्हता. मुदतही लिहिलेली नव्हती.

त्या दिवशी अग्बेदी आपलं होडकं घेऊन एक्पेतिमोला आला तो कायमचाच. अलाएरेनं त्याला राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. जेवणाच्या वेळी त्याच्यापुढे ताट ठेवायची. तो जाळी विणायचा, छप्पर शाकारायचा. मीठ आणि कापड दोन वर्षं आलं, मग बंद झालं. आगबोटी काही दिवस गावापुढून सावकाश गेल्या, मग पुन्हा पूर्वीसारख्याच जाऊ लागल्या. लूट मात्र खरंच थांबली. बंदुका नव्हत्या, आणि माणसांना पुढे घालून नेणाराही कुणी उरला नव्हता. तरुण एकेक करून कोठ्यांवर हमाली करायला निघून गेले.

तिसऱ्या वर्षी एका खलाशाकडून खबर आली. झुओकुमो बेटावर तापानं गेला होता.

तिसऱ्या दिवशी अलाएरे भावासमोर येऊन बसली. "मला तो पुरायचाय," ती म्हणाली. "केस, नखं, काहीही आण त्याचं. नाहीतर तिकडच्या पाण्यात भटकत राहील तो."

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी अग्बेदी एका मालवाहू बोटीवर कोळसा ओढायच्या कामाला लागला. त्या बेटावर पोचायला त्याला दोन बोटी बदलाव्या लागल्या. तिथे किल्ल्याच्या भिंतीला लागून झोपड्या होत्या, आणि त्यांत वेगवेगळ्या नद्यांवरून आणून ठेवलेली माणसं. त्यांतला एक, ओपुवारी नावाचा म्हातारा, पूर्वेकडच्या खाड्यांमधला, त्यांच्याच बोलीचा होता.

"तू मामा," त्याला पाहताच तो म्हणाला.

"कसं ओळखलंस?"

"चालतोस त्याच्यासारखा. आणि आलास ना. तुझ्याशिवाय कोण येणार होतं?"

त्यानं छपरातून फडक्याची पुरचुंडी काढली. मेलेल्याची नखं आणि केस त्यानं कापून ठेवले होते. कुणी न्यायला येईलच याची खात्री नव्हती, पण रीत ती रीत. अग्बेदीनं पुरचुंडी दोन्ही हातांत घेतली.

"माझ्यावर रागावला होता का?"

"तापात शिव्या द्यायचा. तुलाही दिल्या एकदोनदा, खोटं कशाला सांगू." म्हातारा थांबला. "पण एक सांगतो. दुसऱ्या वर्षी इथे मासेमारांचं एक गलबत लागलं होतं. दोघं जण त्यातून पळाले. मी त्याला म्हटलं, तूही जा, पोरा. तर म्हणाला, मामा न्यायला येणार आहे. मी तिकडे गेलो आणि तो इकडे आला, तर चुकामूक व्हायची."

अग्बेदी उठून बाहेर गेला. समुद्र झोपडीपासून दगड फेकण्याइतका जवळ होता. मग आत येऊन त्यानं म्हाताऱ्याला आपली तंबाखू दिली, अंगावरचा सदरा दिला, आणि त्याच्या घरी काही निरोप द्यायचा आहे का विचारलं. म्हातारा म्हणाला, घरी आता कुणी नाही.

परतीच्या वाटेवर अग्बेदीनं ठरवलं होतं, की गलबताची गोष्ट अक्काला सांगायची नाही. पण घाटावर तिनं पुरचुंडी छातीशी धरली आणि म्हणाली, "बोल." त्यानं सगळं सांगितलं. तेव्हा अलाएरे पहिल्यांदा रडली. "असाच होता रे तो," ती म्हणाली. "बाजारात उभा करून मी विसरले असते, तरी हलला नसता."

पाण्याकाठी खड्डा खणला. मोठ्या माणसाच्या मातीला बंदुका उडवायची रीत, पण गावात एक बंदूक नव्हती. उरलेल्या पुरुषांनी होड्या एका रांगेत लावल्या आणि वल्ह्यांनी त्यांच्या कडा बडवल्या. हात दुखेपर्यंत बडवल्या. ओबिएने सर्वांत शेवटी थांबला.

अलाएरे त्यानंतर दोन पावसाळे जगली. शेवटी तिला दिसेनासं झालं तेव्हा अग्बेदी तिला माशातला काटा काढून भरवायचा. ती गेल्यावर त्या घरात तो एकटाच राहिला. आगबोटवाल्यांनी दोनदा माणूस धाडला. वरच्या खाडीतल्या एका गावाशी तह करायचाय, चांगला दुभाष्या हवाय, म्हणाले. अग्बेदी गेला नाही. दुसरा कुणीतरी गेला.