गल्लीचा वरून काढलेला फोटो

सर्बियातल्या निश शहरातल्या त्या गल्लीवर वुकाशिनचा ड्रोन घोंघावू लागला की कोणी खिडक्या लावून घेत नसे. शहरात इतरत्र लोक शिव्या घालायचे. एका गृहस्थाने तर नेम धरून बटाटा मारला होता. इथे मात्र बायका अंगणातूनच ओरडायच्या, "वुकाशिन, वरून माझं धुणं वाळलेलं दिसतंय का रे?" जन्म इथला, बापाचं वर्कशॉप इथलं, आणि गल्लीत दुसरं कोणी त्याच्याइतकं नावारूपाला आलेलं नव्हतं. तेव्हा त्याला सगळं माफ होतं.

त्या वर्षी सांस्कृतिक भवनाने त्याला प्रदर्शनासाठी एक अख्खी भिंत दिली. परक्या शहरांच्या वस्त्या त्याने ढीगभर टिपल्या होत्या. आता ठरवलं, भिंतीवर आपलीच गल्ली लावायची, शरद ऋतूतली. चेस्टनटची झाडं पिवळी झालेली असतात आणि देसांका काकूंच्या अंगणातून मिरच्या भाजल्याचा धूर निघत असतो, तेव्हाची.

देसांका काकूंच्या अंगणात सगळ्या गल्लीचं उन्हाळी स्वयंपाकघर होतं. गल्लीतल्या बाप्यांनी, त्यात वुकाशिनचा बापही आला, एका उन्हाळ्यात मिळून ते बांधलं होतं. परवानगी घ्यायची असते हे कोणाच्या गावीही नव्हतं. अर्धं काकूंच्या जागेत, अर्धं शेजारच्या ओसाड जागेत. त्या जागेचे मालक कधीच व्हिएन्नाला निघून गेले होते. पत्र्यावर द्राक्षाचा वेल पसरलेला. मिरच्यांचा हंगाम आला की पोतीच्या पोती तिथे यायची. भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या, मग मोठ्या पातेल्यात त्यांची चटणी, आयवार, घोटत बसायचं. काकू पहिला घास पावाला लावून ज्याला त्याला टेबलापाशी बसवून चाखायला लावायच्या, आणि मगच बरणी हातात द्यायच्या.

"एवढ्यात काढू नकोस," रादिशा म्हणाला. "पानं गळू देत."

रादिशा वुकाशिनचा कूम होता. वुकाशिन त्याच्या लग्नाला साक्षीला उभा राहिला होता, त्याच्या लाझारला बाप्तिस्म्याला त्यानेच हातात धरलं होतं, आणि येत्या रविवारी पोराचे पहिले केसही तोच कापणार होता. हे नातं सख्ख्या भावाच्याही वरचं. भावाशी माणूस भांडतो, कूमशी नाही.

"पानं गेली तर उरलं काय? पिवळा रंगच तर हवाय," वुकाशिन म्हणाला.

"रंग सगळेच काढतात. पानं पडली की गल्लीचा सांगाडा दिसतो. आणि तिरकस नको, सरळ डोक्यावरून काढ. तू कलाकार ना? मग काहीतरी वेगळं कर."

वुकाशिनला ते पटलं. कलाकार म्हटलं की तो विरघळतो हे रादिशाइतकं कोणाला ठाऊक असणार! उडवायच्या दिवशी रादिशा सकाळीच आला आणि त्याने गल्लीच्या चार कोपऱ्यांत चार पांढऱ्या थाळ्या पालथ्या घातल्या.

"हे काय?"

"फोटोत उठून दिसतील. मजा."

असल्या खुणा कशासाठी ठेवतात हे वुकाशिनला माहीत होतं. त्यांच्यावरून फोटोतली अंतरं मोजता येतात, सर्वेवाले ठेवतातच. मनात चमकून गेलंही. पण कूमला "का रे?" म्हणून विचारायचं असतं का? त्याने ड्रोन सोडला. खाली वेल उघडा पडला होता, पत्रा लखलखत होता, आणि सगळी गल्ली काळ्या झालेल्या हातांनी वर बघून हात हलवत होती. काकूंनी तर हातातला झारा हलवला. फोटो फारच सुरेख आला. रादिशाने एक मोठी प्रत मागून घेतली, भिंतीवर लावायला म्हणून.

प्रदर्शनाआधीच तो फोटो लागला, पण काकूंच्या कुंपणावर. पालिकेचा माणूस चिकटवून गेला. स्वयंपाकघराच्या मधोमध लाल रेघ, चारी थाळ्यांभोवती गोल, आणि खाली ठळक अक्षरांत वुकाशिनचं नाव. व्हिएन्नावाल्यांची जागा एका बिल्डरने घेतली होती. अतिक्रमण आठवड्याभरात पाडायचं होतं. उपग्रहाच्या नकाशात आजवर नुसता हिरवा वेल दिसायचा. मोजता येईल असा पुरावा आता मिळाला होता.

वुकाशिनला बातमी कळली तेव्हा कुंपणापाशी सगळे जमले होते. कोणी शिवी घातली नाही. घातली असती तर बरं झालं असतं. मिरच्यांची पोती अजून दाराशीच होती.

तो तडक रादिशाकडे गेला. टेबलावर रविवारसाठी नवी कात्री आणि पांढरा टॉवेल काढून ठेवला होता. लाझार टेबलाखाली चमचा वाजवत होता.

"बिल्डरला फोटो तू दिलास?"

रादिशाने नजर चुकवली नाही. "दिला. बस, कूमा. घोटभर रकिया ओतू?"

"मला बसायचं नाही."

"ते आज ना उद्या पडणारच होतं रे. मी नाही तर दुसऱ्या कोणी केलं असतं. तिथे इमारत होणार, मला वरच्या मजल्यावर फ्लॅट देणार आहेत. बायको, पोर, सासू, सगळे एका खोलीत राहतो आम्ही, तुला दिसत नाही का? आणि तुझं नाव मुद्दाम घालायला लावलं मी. पुढे तुलाच कामं मिळतील."

"शहरात दहा जण ड्रोन उडवतात. त्यांच्यातला एक धरायचा. मीच का?"

रादिशाला हा प्रश्न खुळचट वाटला असावा. तो अगदी समजुतीने म्हणाला, "अरे, परक्याला त्यांनी उडवू दिलं असतं का? गल्लीतल्या बायकांनी दगड मारून पाडला असता. तुझा दिसला म्हणून सगळे हात हलवत बसले."

ह्या माणसाने वुकाशिनचा कॅमेरा वापरला नव्हता, त्याची कलाही नाही. काकूंचा त्याच्यावरचा जीव, शेजारणींचं ते धुण्याचं विचारणं, बापाने तिथे गाळलेला घाम, हे सगळं हत्यार म्हणून वापरलं होतं. तेही गळ्यात हात टाकून.

"रविवारी केस दुसऱ्या कोणाकडून कापून घे," तो म्हणाला.

रादिशाचा चेहरा पांढराफटक पडला. कूमने पाठ फिरवली असं त्या भागात कोणी ऐकलं नव्हतं. लोक मेले तरी असं करत नाहीत. "पोराने तुझं काय वाकडं केलंय?" तो पुटपुटला. टेबलाखालून लाझारने चमचा वुकाशिनच्या बुटावर आपटला आणि हसला. वुकाशिन खाली वाकला नाही. वाकला असता तर निघता आलं नसतं.

तिथून तो काकूंच्या फाटकाशी गेला. आत शेवटचं पातेलं चुलीवर होतं. आपण केवढं मोठं नातं तोडून आलो हे काकूंना कळलं की त्यांच्या मनातली अढी सुटेल, असं त्याला खरोखर वाटत होतं.

"काकू, मला ठाऊक नव्हतं. रादिशाने केलं सगळं. मी त्याचं कूमपण सोडलं, आत्ताच."

काकू झारा खाली ठेवून आल्या. फाटकाला हात लावला नाही.

"थाळ्या पाहिल्या होत्यास?"

वुकाशिनची नजर कुंपणावरच्या फोटोतल्या गोलांवर गेली.

"मी पाहिल्या होत्या," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, वुकाशिनला माहीत असेल. काही असतं तर तो बोलला असता."

"काकू, कूमला कसं विचारणार?"

"त्याला विचारायची लाज वाटली. मग आम्हाला सांगायचं तरी होतंस." त्यांचा आवाज जराही चढला नाही. "आणि आता त्या लेकराचे केस कापायचंही सोडून आलास. माझ्यावर उपकार म्हणून?"

त्या आत गेल्या. पत्र्याखाली बायका मिरच्या सोलत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. काकू परत आल्या ते एक बरणी घेऊन. पाव नव्हता, 'ये, बस' नव्हतं. पोस्टमनला काही द्यावं तशी त्यांनी बरणी फाटकावरून त्याच्याकडे धरली.

"घे. तुझ्या बापाने ह्या भिंती बांधल्यात, त्याचा वाटा आहे हा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बाजारातून आण."