पाचवा प्रलय

दुनिया आतापर्यंत चार वेळा बुडाली होती आणि चारही वेळा ती कशी बुडवायची हे मीटिंगच्या खोलीत चहा पीत ठरलं होतं. पहिल्या खेपेला आभाळ फाटलं. दुसऱ्या खेपेला देव मेले, तिसऱ्या खेपेला ते परत आले आणि चौथ्या खेपेला त्यांतलेच अर्धे पुन्हा मेले, कारण तोवर कोण जिवंत आणि कोण मेलेलं याचा कुणाला पत्ताच राहिला नव्हता. पत्ता होता तो एकाच माणसाला. त्याला ऑफिसात चित्रगुप्त म्हणत.

हे नाव कंपनीच्या चित्रकाराने ठेवलेलं, आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या पाकिटावरही एकदा तेच आलं. ही दुनिया एका खेळातली, आणि खेळ तसा साधा. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात, एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, कुणी तलवारबाज, कुणी मांत्रिक, आणि घोडं अडलं की फासे टाकतात. गोष्ट जिथे घडते ती दुनिया मात्र पुस्तकांतून आयती मिळते. ती पुस्तकं काढायचा धंदा ही कंपनी टाइल्सच्या दुकानावरच्या मजल्यावर चाळीस वर्षं करत होती. दर सात-आठ वर्षांनी खेळाचे नियम बदलायचे, म्हणजे लोकांना सगळी पुस्तकं नव्याने घ्यावी लागायची. पण काल चालणारा मंत्र आज का चालत नाही, याला दुनियेत काहीतरी कारण घडायला नको? म्हणून प्रलय, आणि प्रलयाचा जो आकडा तोच नव्या आवृत्तीचा. नियमाच्या पुस्तकातला एक आकडा बदलायचा म्हणून तीन लाखांचं शहर गाडायचं, असा तो उफराटा कारभार होता.

चित्रगुप्ताचं काम म्हणजे नवीन पुस्तकातली प्रत्येक ओळ जुन्या पुस्तकांशी ताडून पाहायची. एकशे सेहेचाळीस पुस्तकं झाली होती आणि ती सगळी वाचलेला माणूस कंपनीत तो एकटाच. लेखक मंडळी उचलली जीभ लावली टाळ्याला अशा थाटात लिहायची. बाविसाव्या पुस्तकात विष पिऊन मेलेला राजा नव्वदाव्यात मुलीच्या लग्नाला हजर. नदी एका नकाशात दक्षिणेला वाहते, दुसऱ्यात डोंगर चढते. विचारलं तर लेखक म्हणायचे, जादूची दुनिया आहे, चालतं. चित्रगुप्ताला या 'चालतं'ची शिसारी होती. तो लाल पेन्सिलीने ओळीखाली रेघ मारायचा आणि समासात लिहायचा, 'वाचून लिहा.' दुनियेत आता काही राम उरला नाही, हे तो वीस वर्षं ज्याला त्याला सांगत आला होता, आणि ते सांगताना त्याला एक प्रकारचं समाधानही वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

पाचव्या आवृत्तीची वेळ आली तेव्हा मालकांनी त्याला बोलावलं. मालक म्हणजे जुन्या मालकांचे चिरंजीव. वडिलांनी उभं केलेल्या दुनियेतलं एक पानही त्यांनी उघडलं नव्हतं आणि तसं ते मोकळेपणाने सांगायचे, एवढाच काय तो त्यांचा गुण. खप निम्म्यावर आला होता. पाचवी आवृत्ती काढायची की गाशा गुंडाळायचा, हे शुक्रवारपर्यंत ठरवायचं होतं. बाकी सगळे आपापल्या पोटासाठी 'काढा' म्हणणार, तुम्ही काय ते खरं बोलाल, असं म्हणून त्यांनी त्याच्याकडे एक पान मागितलं. दुनियेत दम आहे की नाही, एवढंच.

शुक्रवारच्या आधी मीटिंग झाली. प्रलयाच्या मीटिंगला चित्रगुप्त दरवेळी एक यादी करून न्यायचा, अजून न बुडालेल्या जागांची. या खेपेला तिच्यात अकराच नावं होती आणि त्यांतली चार वाळवंटं. राजधानी तीनदा पडून झाली होती. एका लेखकाने ती चौथ्यांदा पाडायची सूचना केली तेव्हा चित्रगुप्ताने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिस्किटाकडे वळला. मग नवी बाई बोलली. ही संपादक, वय बत्तीस, आठ महिन्यांपूर्वी मोबाइलवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीतून आलेली. कानात सदोदित काहीतरी खुपसलेलं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे चित्रगुप्ताचं तिच्याबद्दलचं मत पहिल्याच आठवड्यात तयार झालं होतं आणि ते बदलायची गरज त्याला पडली नव्हती.

"यादीत उतारगाव राहिलंय," ती म्हणाली.

चित्रगुप्ताने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. हजार ठिकाणं असतात, एखादं सुटतं, असं तो म्हणाला.

"तुमच्याकडून?" तिने विचारलं. तिला खरंच नवल वाटलं होतं. मग तिने चौदा पानांचा आराखडा सगळ्यांना वाटला.

उतारगाव सुटलं नव्हतं. आधीच्या चार याद्या आणि ही पाचवी, पाचही वेळा चित्रगुप्ताने ते हाताने वगळलं होतं. नदी जिथे उन्हाळ्यात पायी उतरता येते आणि एरवी नाव लागते तिथलं ते चाळीस घरांचं गाव, अठ्ठेचाळीस पानांच्या एका पातळ पुस्तकातलं. त्या काळी अशा पुस्तकांवर लेखकाचं नाव छापत नसत, म्हणून ते कुणी लिहिलं हे कंपनीत कुणाला माहीत नव्हतं. ते चित्रगुप्ताने लिहिलं होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, हॉस्पिटलच्या स्टुलावर बसून. आई तीन महिने खाटेवर होती आणि रोज संध्याकाळी विचारायची, आज तुझ्या गावात काय झालं रे? मग तो सांगायचा. ती म्हणेल तो माणूस गावात यायचा, तिला नको तो दुसऱ्या दिवशी गाव सोडून जायचा. गावातली नावाडीण तर तीच होती. तिचंच बोलणं, तीच फटकळ जीभ, पैसे नसलेल्याला पलीकडे सोडून वर शिव्या घालायची तीच तऱ्हा. पुस्तक छापून आलं तेव्हा आई नव्हती. त्यानंतर त्याने दुसरं काही लिहिलं नाही, दुसऱ्यांच्या चुका काढत बसला.

जाग्यावर येऊन त्याने आराखडा उघडला. पहिलं वाक्य होतं, 'पाचव्या आवृत्तीच्या पहिल्याच प्रकरणात उतारगाव पाण्याखाली जातं.' त्याने पहिलं पान कसंबसं संपवलं. धरण फुटतं, पाणी चढतं, पहाटेपर्यंत छपरं दिसेनाशी होतात. उरलेली तेरा पानं त्याने न उलटता खालच्या रद्दीच्या खोक्यात टाकली आणि जिन्यात जाऊन बसला. टाइल्सच्या दुकानातला हमाल वर बघून म्हणाला, काका, बरं नाही का? त्याने मान हलवली.

घरी ताईला सांगितलं. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, नवरा गेल्यापासून त्याच्याकडेच राहायची, आणि उतारगावाचं गुपित जगात तिला एकटीला ठाऊक होतं. ती शिलाई मशीनवर पडद्याची कड मारत होती. पुढच्या पानांत काय आहे, असं तिने विचारलं. शितावरून भाताची परीक्षा होते, तो म्हणाला. ताईने दोरा दातांनी तोडला. आई असती तर तिने आधी सगळं ऐकून घेतलं असतं आणि मग शिव्या दिल्या असत्या, असं ती म्हणाली, आणि पुन्हा मशीन चालू केलं.

दुसऱ्या दिवशी तो नव्या बाईच्या टेबलापाशी गेला. आयुष्यात पहिल्यांदा. राजधानी पाडा, त्याने सांगितलं, हवी तर वाळवंटं बुडवा. नियम बदलायचे तर गाव कुठलंही चालेल. 'चालेल' हा शब्द आपल्या तोंडून गेला हे त्याच्या लक्षात आलं, पण तो मागे घेता येत नव्हता.

"राजधानी चौथ्यांदा पडली तर कुणाची पापणीही लवणार नाही, सर," ती म्हणाली. "वीस वर्षं आपण ज्या जागा पाडतोय तिथे राहणाऱ्या एकाचंही नाव खेळणाऱ्यांना सांगता येत नाही. उतारगावातली सगळी येतात. मला येतात. शाळेत असताना आम्ही तिघी मैत्रिणी दोन वर्षं त्या गावाबाहेर पडलो नाही. तिथे पाणी शिरलं की लोक खुर्चीतून उठून उभे राहतील." ती थांबली. "तुम्ही आराखडा पूर्ण वाचलात ना?"

"वाचला."

"शेवटपर्यंत?"

"वाचला म्हटलं ना, बाई."

एकतीस वर्षांत न वाचलेली गोष्ट वाचली असं तो कधी म्हणाला नव्हता. नव्या बाईचा चेहरा उतरला. तिने कानातलं काढून टेबलावर ठेवलं.

"मग माझं काही म्हणणं नाही," ती म्हणाली. "बाकी कुणाला नाही तरी तुम्हाला ते पटेल असं मला वाटलं होतं."

शुक्रवारी सकाळी त्याने पान लिहायला घेतलं. गंमत अशी, की वीस वर्षं तो दुनिया मेली म्हणत होता तेव्हा त्याचा त्यावर पुरता विश्वास होता. आता नव्हता. मेलेल्या दुनियेतलं गाव बुडताना वाचून माणूस जिन्यात जाऊन बसत नाही, हे कळायला त्याला कुणाच्या सल्ल्याची गरज नव्हती. या दुनियेत दम होता, आणि तो ज्या जागी होता तिथेच ही पोरगी बोट ठेवून उभी होती. पण दुनिया जिवंत आहे म्हणावं तर पाचवी आवृत्ती निघणार, आणि ती निघाली की नावाडीण पाण्याखाली. दुनिया संपली म्हटलं तर गाव जसंच्या तसं राहणार. त्याने पेन्सिल घेतली आणि आयुष्यातलं सगळ्यात चोख पान लिहिलं. मेलेले देव, परत आलेले देव, डोंगर चढणारी नदी, लग्नाला आलेला राजा, पुस्तक आणि पान क्रमांकासकट. शेवटी लिहिलं, 'या दुनियेचे दिवस सरले. तिला आणखी एक प्रलय देणं म्हणजे मढ्याला शृंगार करणं.' शब्द त्याच्या ओळखीचेच होते, वीस वर्षं घोटलेले. त्यामुळे हात कुठे अडला नाही.

मालकांनी ते दोनदा वाचलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही, ते म्हणाले, आणि गाशा गुंडाळला.

दोन महिन्यांत मजला रिकामा झाला. निरोपसमारंभात चित्रगुप्ताला घड्याळ मिळालं, आणि बिस्किटाकडे वळलेल्या लेखकाने, काका खरं बोलले म्हणून आम्ही वेळीच मोकळे झालो, असं भाषण केलं. तो लेखक आधीच एका साबणाच्या जाहिरातींत चिकटला होता. नवी बाई समारंभाला आली नाही. तिला दुसरीकडे काम मिळालं नव्हतं, असं कुणीतरी म्हणालं.

शेवटच्या दिवशी दुपारी चित्रकार भिंतीवरची चित्रं उतरवत होता. खाली एका फळीवर चित्रगुप्ताने न पाहिलेलं एक मोठं चित्र उलटं टेकवलेलं होतं. त्याने ते फिरवलं. भरलेली नदी होती आणि तिच्यावर होड्या, तराफे, दारं, पिंपं, जे तरंगेल ते सगळं, आणि त्या सगळ्यांवर माणसं. मधल्या होडीत एक म्हातारी उभी राहून कुणावर तरी ओरडत होती.

"हे काय आहे?"

"उतारगाव," चित्रकार स्टुलावरून म्हणाला. "आराखड्यातलंच. पान चारपासून पुढे. तुम्ही तर वाचलंय."

चित्रगुप्ताने आपली प्रत कुठेतरी गेली असं सांगून चित्रकाराची मागितली. तिच्यावर रंगाचे ठसे होते. खिडकीपाशी एकच खुर्ची उरली होती, तीवर बसून त्याने दुसरं पान उघडलं.

गाव बुडतं, पण माणसं बुडत नाहीत. पाणी चढायच्या आधी खेळणाऱ्यांनी त्यांना बाहेर काढायचं, हेच पहिलं प्रकरण. नव्या बाईने एकशे बारा माणसांची नावं लिहिली होती. कोण कोणत्या होडीत, कोण कुणाशेजारी बसायला तयार होणार नाही, आंधळ्या विणकराला कुणी आणायचं. आईच्या हट्टाखातर एकाच ओळीत घातलेलं एक लंगडं कुत्रं होतं, ते तो स्वतः विसरला होता. तिसऱ्या तराफ्यावर त्या कुत्र्याचीही जागा होती. वरच्या अंगाला उंचावर नवं उतारगाव वसवायचं आणि पाचव्या आवृत्तीची सगळी गोष्ट तिथून सुरू करायची. बाराव्या पानावर चौकटीत लिहिलं होतं, 'फासे काहीही पडोत, नावाडीण मरत नाही.' आणि शेवटच्या पानाखाली, हाताने, 'मूळ पुस्तक कुणाचं आहे ते सरांना विचारायचं.'

चित्रकार चित्रं घेऊन खाली गेला, पुन्हा वर आला, निघतो म्हणाला. चित्रगुप्ताने खिशातून लाल पेन्सिल काढली आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. एखादी चूक तरी असेल. एखादं नाव, एखादं वय, पाण्याची दिशा, काहीतरी, ज्याच्याखाली रेघ मारून म्हणता येईल की हिलाही काही येत नव्हतं. नावाला नाव, घराला घर त्याने ताडून पाहिलं. त्याला ते सगळं पाठ होतं. ऊन खुर्चीवरून सरकून भिंतीपर्यंत गेलं तोवर त्याचं तीनदा वाचून झालं होतं, आणि चौदा पानांत त्याला एकही चूक सापडली नव्हती.