मागची जोडी

ऐकणार असाल तर सांगतो. मी एक टायर आहे. मागचा, डावा. मोटरसायकलसारखं हँडल आणि चार बुटकी, जाडजूड चाकं असलेली जी गाडी इथले कोळी गोठलेल्या सरोवरावर नेतात, तिला ते क्वाड म्हणतात. अशा एका क्वाडला आम्ही चौघं होतो. पुढचे दोघे अरुंद, मागचे दोघे रुंद.

जन्माचं फारसं आठवत नाही. तापलेला साचा, रबराचा वास, मग दुकानातला अंधारा कोपरा. बेर्गुर नावाच्या कोळ्यानं आम्हाला घरी नेलं तेव्हा उन्हाळा होता. चिखल, वाळू, किनाऱ्यावरचे गोटे, सगळ्यांतून आम्ही मजेत धावलो. मग हिवाळा आला, कॅनडातलं हे विनिपेग सरोवर गोठलं, आणि आमची पुरती शोभा झाली.

भुसभुशीत हिम पडलेलं असलं की निभत असे. बेर्गुर आमच्यातली थोडी हवा सोडायचा. आम्ही सैल होऊन पसरायचो आणि न रुतता वरून चालायचो. पण उत्तरेचा वारा सुटला की तो हिम झाडून नेतो. खाली उरतो काचेसारखा काळा बर्फ. त्यावर आमच्या अंगावरचे रबरी खुंट नुसते फिरत राहायचे. एकदा किनाऱ्याचा चढ चढताना गाडी मागे मागे येत शेजारच्या ग्रिमुरच्या कुंपणाला जाऊन टेकली.

"दारातून ये की रे," ग्रिमुर खिडकीतून ओरडला. "कॉफीला मी नाही कधी म्हटलंय?"

त्याच आठवड्यात बेर्गुरनं स्क्रू आणले. बुटके, सहाकोनी डोक्याचे. डोकं बाहेर ठेवून ते आमच्या खुंटांत पिळायचे, म्हणजे डोक्याची कड बर्फ धरते. पहिलाच स्क्रू माझ्यात घातला. तो लांब निघाला, आरपार गेला आणि मी फुस्स झालो. बेर्गुरनं आतून ठिगळ लावलं आणि त्याहून आखूड स्क्रू आणले. ते ठिगळ अजून माझ्या पोटात आहे.

त्याची बायको योरुन स्क्रूंचा डबा मांडीवर घेऊन शेजारी बसली होती. एकेक हातात देत होती.

"पुढच्यांना कडेनं जास्त आणि मागच्यांना मधोमध, असं का?" तिनं विचारलं.

"पुढच्यांनी वळायचं, मागच्यांनी ढकलायचं. ढकलणारे जोरकस आणि वळणारे गुळगुळीत, असं झालं तर संपलंच."

"या घरात कोण ढकलतं ते मला ठाऊक आहे," योरुन म्हणाली, आणि बेर्गुर इतका हसला की हातातला स्क्रू खाली पडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो चढ एका दमात चढलो. ग्रिमुर आम्हाला वाकून बघून म्हणाला, "टायरांना दात आले. तुझी कवळी कुठं ठेवलीस, बेर्गुर?"

त्यानंतरचे हिवाळे चांगले गेले. बर्फाला भोकं पाडून खाली सोडलेली जाळी, मागच्या घसरगाडीवर माशांच्या पेट्या, आणि काळ्या बर्फावर आमची करकर. बेर्गुरची मुलगी स्टाइना आणि धाकटा केटिल आपापल्या क्वाडवर मागून यायचे आणि घसरायचे. "पाब्बी, आमच्या गाड्यांना पण दात बसव ना," केटिल म्हणायचा. "पुढच्या वर्षी," बेर्गुर म्हणायचा.

पुढच्या वर्षी पानगळीतच तो गेला. छातीत कळ आली, बसल्या जागी.

त्याची क्वाड जुनी होती. इंजिन कामातून गेलेलं. उरलो आम्ही चौघं. शेडमध्ये दोघं भावंडं आमच्यासमोर उभी राहिली. बाजारात नवे स्क्रू मिळत होते, दोघांकडे पैसे होते, हातही होते. पण हे पाब्बीनं बसवलेले होते. स्टाइना माझ्या खुंटांवरून बोटं फिरवत राहिली. केटिलनं पुढचा टायर उगाच उचलून पोटाशी धरला.

"तू घे चारही," स्टाइना म्हणाली.

"म्हणजे जन्मभर ऐकवायला मोकळी? तूच घे."

दोघांनाही हवे होते आणि दोघंही रडायच्या बेतात होती. योरुन दारात उभी होती. या घरात विनार्तेर्ता, म्हणजे आलुबुखाराच्या थरांचा केक, वाटायची एक रीत होती. एकानं कापायचं, दुसऱ्यानं आधी उचलायचं. म्हणजे कुणाच्या मनात किंतू राहत नाही.

"स्टाइना, तू काप," ती म्हणाली. "केटिल, तू उचल."

स्टाइनानं आमच्या दोन जोड्या लावल्या. पुढची एक, मागची एक. केटिलनं आम्हाला उचललं. "मागची बरी. मला पेट्या ओढायच्यात." मग बहिणीकडे बघून म्हणाला, "तू नुसती वळत बस."

योरुन हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर दोन लहान मुलं आणि एक केक होता, दुसरं काही नव्हतं.

अशी आम्हा चौघांची ताटातूट झाली. केटिलच्या गाडीला मागे आम्ही, पुढे गुळगुळीत. स्टाइनाच्या गाडीला पुढे आमचे भाऊ, मागे गुळगुळीत. हिवाळाभर हिम होतं, म्हणून काही कळलं नाही. हिमात सगळेच टायर थोडेफार धरतात.

हिवाळा सरत आला आणि वारा सुटला. दोन दिवसांत सरोवर लखलखीत झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी भरली घसरगाडी ओढत आम्ही परत निघालो होतो. स्टाइना थोडी मागे होती. वाटेत बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढून झालेला लांबच लांब बांध आहे. त्याच्या कडेला पाणी उघडं असतं. ओलांडायची जागा एकच, आणि तिथं वळावं म्हणून देवदाराच्या फांद्या रोवलेल्या असतात.

केटिलनं वेग कमी केला. फांद्या दिसल्या तसं हँडल डावीकडे वळवलं. पुढची चाकं वळली, पण गाडी वळली नाही. ती चाकं आडवी होऊन तशीच सरकत राहिली. आम्ही बर्फ घट्ट धरला होता आणि सरळ ढकलत होतो. मागून पेट्यांचं वजन ढकलत होतं. केटिलनं हँडल आणखी वळवलं, अडेपर्यंत वळवलं. "वळ ना गं," तो गाडीला म्हणाला. ओरडून नाही. हट्टी जनावराला म्हणावं तसं.

फांद्या बाजूनं निघून गेल्या. मग पाणी.

मागे स्टाइनानं जोरात ब्रेक दाबला. तिची पुढची चाकं रुतून बसली, मागची सुटली, आणि गाडी गरगर फिरत तिला फेकून गेली. ती उठली, पडली, दोर घेऊन पोटावर सरपटत आली. तोवर पाण्यावर त्याची टोपी होती.

केटिलचा देह शोधून काढला. आम्हालाही काढलं, ग्रिमुर आणि इतरांनी, आकडे आणि दोर लावून. गाडी वर आली तेव्हा हँडल तसंच डावीकडे वळलेलं होतं. स्टाइनानं ते बघितलं. मग पुढच्या गुळगुळीत चाकांकडे बघितलं. बाकीचे दोर सोडवत होते, तेवढ्यात हँडलवरचं पाणी थिजायच्या आधी तिनं ते सरळ केलं.

आमची शेड किनाऱ्याच्या उतारापाशी आहे. सरोवरावर जाण्याआधी सगळे कोळी तिथं थांबतात आणि दातांत साखरेचा खडा धरून कॉफी पितात. मला सगळं ऐकू येतं.

"खुणा ढळढळीत होत्या. बाहेर गेलाच कसा?"

"तरुण रक्त. जवळची वाट काढायला गेला असणार."

"वळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही बघ," ग्रिमुर म्हणाला. "हँडल सरळ होतं. बेफिकीर पोरगं. बापाचं नाव घालवलं."

हे रोज चालायचं. स्टाइना जवळून जायची, ऐकायची आणि काही बोलायची नाही.

एका सकाळी योरुन शेडमध्ये आली. बाहेर तीच बोलणी चालू होती. ती केटिलच्या गाडीपाशी बसली. पुढच्या टायरवरून हात फिरवला. गुळगुळीत. मग माझ्यावरून फिरवला. माझ्या स्क्रूंवर तिचा हात थांबला. एकेक तिनंच दिला होता.

स्टाइना आत आली.

"हँडल कसं होतं?" योरुननं विचारलं.

"मम्मा, बर्फ पातळ होता तिथं."

"मी बर्फाचं विचारत नाही."

"पुरतं वळलेलं," स्टाइना भिंतीकडे बघत म्हणाली.

"आणि तू त्यांना बेफिकीर म्हणू दिलंस त्याला?"

"नाहीतर वाटणी नडली, हे तुला कळलं असतं."

"कापलंस तू, म्हणून गप्प नाहीस ना?"

"दोन्ही," स्टाइना म्हणाली.

योरुननं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, क्षणभरच. मग उठली, शेडचं दार सताड उघडलं. "ग्रिमुर, ये इकडे. सगळेच या."

ते आले, हातात पेले घेऊन. तिनं हँडल धरलं आणि डावीकडे वळवलं, अडेपर्यंत.

"माझं पोर असं वळत होतं. ही पुढची चाकं बघा आणि ही मागची. वळणारी चाकं त्याच्याकडे नव्हती. ती मी वाटणीत काढून घेतली. आता जे बोलायचं ते मला बोला."

ग्रिमुरनं टोपी काढली. तोंडातला खडा विरघळेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

नंतर स्टाइनानं पाना आणला. आम्हा दोघांना काढून तिच्या गाडीला मागे लावलं. पुढे आमचे भाऊ होतेच. बऱ्याच काळानं आम्ही चौघं एका गाडीखाली आलो. तिला जाळी काढायला जावंच लागणार आहे. माझ्या स्क्रूंना गंज चढलाय, एक-दोन पडलेतही, पण बर्फ अजून धरतो मी. एवढंच मागणं: ज्या चार गोष्टी एकत्र चालतात, त्या प्रेमापोटीसुद्धा वाटू नका.

केटिलची गाडी मागच्या चाकांवाचून ठोकळ्यांवर उभी आहे. हँडल डावीकडे वळलेलंच आहे. ते पुन्हा सरळ कुणी केलेलं नाही.