काचा धुणाऱ्या नोरीनचा केक

आमच्या अ‍ॅडलेडच्या प्रयोगशाळेत एक रीत आहे. ज्याने घोळ घातला, त्याने शुक्रवारी साडेदहाच्या चहाला घरी केलेला केक आणायचा आणि काय घोळ घातला ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्या शुक्रवारी केक नोरीनने आणला. घोळ माझा होता.

झाडांच्या वाढीचं एक हार्मोन मी पेशींवर घालून बघत होतो. ताटल्यांत वाढवलेल्या, उंदराच्या कातडीच्या साध्या पेशी जगल्या, कॅन्सरच्या मेल्या. आमचा मुख्य वॉरेन, त्याने पाठ थोपटली, आणि आठवडाभर माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

मग वॉरेनने माझ्या टिपणावरून तोच प्रयोग स्वतः केला. तुलनेसाठी ठेवलेल्या, हार्मोन न घातलेल्या ताटल्यांतल्या कॅन्सरच्या पेशीही मेल्या. "काचेत साबण राहिलाय," तो म्हणाला. आमच्या काचा, म्हणजे काचेच्या ताटल्या, नळ्या, सगळं, एकोणीस वर्षं नोरीन धुते.

माझा घोळ मला तिथंच कळला. हे हार्मोन अल्कोहोलमध्ये विरघळवून घालतात. म्हणून हार्मोन नसलेल्या ताटल्यांतही तेवढंच अल्कोहोल घालायचं, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. वॉरेनने घातलं होतं. मी, शहाण्याने, नुसतं पाणी घातलं होतं. पेशी मारल्या होत्या अल्कोहोलने. साध्या पेशी सावकाश वाढतात, त्यांनी ते सोसलं, इतकंच.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी टिपणवही मिटली.

"चार पाण्यांनी धुते मी," शुक्रवारी केक कापता कापता नोरीन म्हणाली. "पण वय झालं. चुकलं असेल कुठंतरी."

"मग आता पाचव्यांदा धू बाई," वॉरेन म्हणाला, "नाहीतर आमच्या चहालाही फेस यायचा!"

सगळे हसले. मीही हसलो. संत्र्याचा केक होता. मी दोन तुकडे खाल्ले, आणि त्याची लाज अजून जात नाही.

दुपारी तिच्या सिंकपाशी गेलो.

"नोरीन, साबण नव्हता. माझंच चुकलं. मी अल्कोहोल घालायला..."

"ठाऊक आहे." तिने मान वर केली नाही. "तुझ्या पाण्याच्या नळ्यांना कधी वासच आला नाही. वॉरेनच्या सगळ्या नळ्यांना आला. नाक शाबूत आहे माझं, ब्रेंटन."

"मग केक का आणलात?"

"वाटलं, तुकडा हातात घेताना तरी तोंड उघडशील. उघडलंस, पण खायला."

मान खाली घालून मी माफी मागितली.

"इथं नको रे. टेबलाशी माग. खाल्लास तिथं ना?"

तिने केकचा डबा चार पाण्यांनी धुतला, पुसला आणि माझ्या हातात दिला.