बाईंना बाहेर ठेवून आत गेलेली वही

मी एक जुनी, वरून उलटायची वही आहे. अंगाने किडकिडीत, पुठ्ठा निळा. मित्रांनो, आत्मवृत्तात सगळे आपली थोरवी सांगतात. माझी मात्र सांगताना मान खाली जाते.

छापखान्यातून निघाले ती एका दुभाषी बाईंच्या पर्समध्ये आले. पाहुणे बोलत, बाई ऐकत आणि माझ्यावर भराभर खुणा करत. बाण म्हणजे देणं, गोलातली फुली म्हणजे अट. त्या खुणा त्यांच्या त्यांनाच कळत. लेक चिडवायची, "आई, यापेक्षा कोंबडीचे पाय बरे." पण दुभाषाच्या कामात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

एकदा दोन देशांत नदीच्या पाण्यावरून बोलणी झाली. तीन दिवस अधिकारी बोलले, बाईंनी दुभाषाचं काम केलं. ठरलेलं सारं माझ्यात होतं. चौथ्या दिवशी दोन्ही प्रमुख भेटणार होते. तिथे जायची बाईंची फार इच्छा होती.

दारातच राजशिष्टाचाराचे साहेब म्हणाले, "ताई, काम तुमचं झकास. पण आत फोटो निघणार. खुर्चीमागे पुरुष बरा दिसतो. वही तेवढी या नव्या दुभाषांना द्या."

"माझ्या खुणा त्यांना कळायच्या नाहीत. नीट लिहून देऊ का?"

"वेळ कुठे आहे आता?"

बाई बाहेर बाकावर बसल्या. आणि मी? मी हरखले होते. एवढा मोठा दिवाणखाना, एवढा मऊ गालिचा! बाईंची आठवणसुद्धा झाली नाही मला.

आपले प्रमुख म्हणाले, "काय ठरलंय ते पाहुण्यांना सांगा." नव्या दुभाषाने मला उघडलं. बाण त्याला कळला, फुली कळली नाही. त्याने सांगितलं, पाणी देऊ. पाऊस चांगला झाला तरच, ही अट राहून गेली. हस्तांदोलन झालं, फोटो निघाले. आठवड्याभरात भांडण जुंपलं.

चौकशीत साहेबांनी मला सगळ्यांसमोर उघडलं. "ही काय गिचमिड? बाईंची तयारीच कच्ची." चोर सोडून संन्याशाला फाशी.

बाई शांतपणे म्हणाल्या, "वही आत होती साहेब. वाचणारी बाहेर होती."

ते कोणी लिहून घेतलं नाही. बाईंना पुन्हा बोलावणं आलं नाही. मी मात्र पुरावा म्हणून कपाटात आहे, त्यांच्याविरुद्धचा.

मित्रांनो, मला कव्हर घालू नका, धूळही पुसू नका. पण कोणाचं काम आत नेऊन तिलाच बाहेर बसवलेलं दिसलं, तर तिथल्या तिथे बोला. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.